सुई उडायची ती जागा

मंगळवार, तारीख अकरा
सकाळचे साडेनऊ

बेबी,

आशीर्वाद. तू आता दोन नातवंडांची आजी, तुला आशीर्वाद देणारा मी कोण, असं मनात येऊन पेन जरा अडलं. पण धाकटं ते धाकटंच, त्यावर वयाचा इलाज चालत नाही. तेव्हा घे, आणि नको असला तर नातीला देऊन टाक.

तुझं पत्र गुरुवारी मिळालं. चार पानं, पाठपोट. बेचाळीस वर्षांत तू मला जे काही लिहिलंस ते सगळं एका जागी शिवलं तरी दोन पानं भरायची नाहीत, त्यामुळे पाकीट हातात जड लागलं तेव्हा वाटलं पोस्टमन घर चुकला. तीनदा वाचलं. तुझं अक्षर अजून तसंच पळतं, शेवटचा शब्द कागदाच्या कडेवरून खाली पडेल की काय असं.

मी ठीक आहे. डावा गुडघा जिना उतरताना कुरकुरतो, चढताना मात्र गप्प असतो, हे उलटं का ते डॉक्टरलाही सांगता येत नाही. डोळे शाबूत आहेत. जन्मभर लोकांच्या चष्म्यांच्या काचा घासल्या, त्या कामाने तेवढी कृपा केली. दुकान बंद होऊन नऊ वर्षं झाली. खोली तीच, दुसरा मजला, खिडकीसमोर पाण्याची टाकी. तू गेलीस तेव्हा टाकी गळत होती, अजूनही गळते, मधल्या काळात तिला चारदा रंग दिला गेला एवढंच.

तुझ्या पत्रात दोन गोष्टी आहेत. एक म्हणजे मी आता एकटं राहू नये, तुझ्याकडे यावं, मागची खोली तू रंगवून ठेवली आहेस. दुसरी म्हणजे तू बाबांना माफ केलंस. दोन्हीचं उत्तर याच पत्रात देतो. त्याआधी तू विचारलेलं कार्यक्रमाचं सांगतो. तुला वाटेल, दादा ताकाला जाऊन भांडं लपवतोय. लपवतोय हे खरंच आहे. जरा धीर धर.

तुला मंडळाचं काही ठाऊक नाही. नातीने फोनवर दाखवलेल्या त्या चित्रफितीत बाल्कनीत ओरडणारी म्हातारी माणसं दिसली, ती आम्ही. अकराजण. गेली अडतीस वर्षं दर रविवारी चार वाजता माझ्या खोलीत जमतो आणि तुझ्या त्या आवडत्या गायिकेची, आम्ही त्यांना नुसतं बाई म्हणतो, गाणी ऐकतो. सुरुवातीला बावीसजण होते. काही गेले, काहींना जिना नको झाला. नियम तीनच आहेत: गाणं चालू असताना बोलायचं नाही, दुसऱ्याच्या खुर्चीवर बसायचं नाही, आणि शेवटी तुझं ते गाणं लावायचं आणि त्याचं शेवटचं कडवं सगळ्यांनी मिळून म्हणायचं. तुझं गाणं असं मीच म्हणतो, मनात. मंडळाच्या लेखी ते बाईंचं आहे.

त्यातले दोघे तुला सांगितले की पुरे. एक मेट्रनबाई. इस्पितळातून निवृत्त झाल्या, बोलणं थेट, जणू अजून वॉर्डात फेरी चालू आहे. तू गेल्यावर बाबांना इंजेक्शन द्यायला त्याच यायच्या, तेव्हा साध्या नर्स होत्या. दुसरे लिफ्टवाले. चाळीस वर्षं लिफ्ट दुरुस्त केल्या, त्यामुळे कुठल्याही गोष्टीत ते आधी दोर बघतात. मेट्रनबाई काही म्हणाल्या की लिफ्टवाले त्याच्या उलट म्हणतात. त्यांना वाटतं आम्हाला कळत नाही, पण इतक्या वर्षांत त्यांनी एकमेकांशेजारची खुर्ची सोडलेली नाही.

बाईंना आता अठ्ठ्याहत्तरावं लागलं. नऊ वर्षं त्या मंचावर आल्या नव्हत्या. त्यांची सगळी सोल संगीतातली गाणी ज्याने लिहिली आणि आयुष्यभर त्यांच्या मागे बसून ऑर्गन वाजवला तो माणूस या हिवाळ्यात गेला, तर त्याला आदरांजली म्हणून एकच संध्याकाळ त्या गाणार आणि फक्त त्याचीच गाणी गाणार, असं जाहीर झालं. मंडळात आठवडाभर झोप कुणाला नव्हती. लिफ्टवाल्यांनी तिकिटं आणली ती बाल्कनीची. आवाज वर चांगला येतो म्हणाले. सभागृहाला लिफ्ट आहे का, हे मात्र बघायचं विसरले. नव्हती. बासष्ट पायऱ्या मेट्रनबाईंनी मोठ्याने मोजल्या.

बाई काठी टेकत आल्या. ऑर्गन मंचावर होता, पण त्याच्यावर झाकण होतं आणि खुर्ची रिकामी. काठी त्यांनी ड्रमवाल्याकडे दिली आणि उंच स्टुलावर बसल्या. पहिली दोन गाणी जपून गायल्या. आवाज खरवडलेला, वरच्या जागा बँडवर सोडून दिलेल्या. माझ्यापुढच्या रांगेतली एक मुलगी मैत्रिणीला म्हणाली की आजी थकली. मैत्रीण म्हणाली, गप्प, माझ्या आईने हिच्या गाण्यावर लग्न मोडलं आणि हिच्याच गाण्यावर पुन्हा केलं. तिसऱ्या गाण्यापासून बाईंनी जपणं सोडून दिलं. आवाज काही तरणा झाला नाही. पण फाटलेल्या आवाजातही माणसाला आत शिरायला जागा असते, तसं झालं. पलीकडे एक दांडगा माणूस रुमाल न काढता तळहातांनीच डोळे पुसत होता, भांडं घासल्यासारखे.

शेवटी ते गाणं आलं. शेवटच्या कडव्याआधी बाईंनी हात उचलून सगळ्यांना गायची खूण केली. खालचं सभागृह गाऊ लागलं, वर आम्ही. आमचे आवाज म्हातारे, पण अडतीस वर्षांची दर रविवारची तालीम पाठीशी, त्यामुळे एकदिलाने आणि मोठ्याने सुटलो. पहिली ओळ सगळ्यांची एक. दुसऱ्या ओळीला खालचे जे म्हणायचे ते म्हणत होते आणि आम्ही तिसरी ओळ म्हणत होतो. वाट अडवून दोन हातगाड्या समोरासमोर याव्यात तसं झालं. बासवाल्याला कुणाकडे जावं कळेना. बाईंनी हात वर करून सगळ्यांना थांबवलं, दिव्याच्या आड तळहात धरला आणि बाल्कनीकडे बघितलं.

"वर कोण घाईत आहे?" त्या म्हणाल्या.

सभागृह हसलं. आम्हीही हसलो, कारण बाई आमच्याशी बोलल्या होत्या. मग त्या म्हणाल्या, "या एका ओळीसाठी त्याच्याशी मी आठ दिवस भांडले होते. तेवढी ऐका, मग पुढे जा." आणि बँड बंद ठेवून, बसल्या जागी, जवळजवळ बोलल्यासारखी ती ओळ त्यांनी एकट्यांनी म्हटली.

जा तू खुशाल, मागचं मी आवरीन.

बेचाळीस वर्षांनी ऐकली मी ती. हातात कार्यक्रमाचा कागद होता, त्याला घडी घालत बसलो. एक कागद सहा घड्यांपलीकडे मोडत नाही, हे त्या दिवशी कळलं. बाकी मला काही झालं नाही. म्हणजे बाहेरून दिसेल असं काही झालं नाही.

जिन्यावर मंडळाची सभा भरली. मेट्रनबाई प्रत्येक पायरीवर थांबून विचारत होत्या की ती ओळ आली कुठून. लिफ्टवाले म्हणाले, कंपनीने नंतरच्या रेकॉर्डमध्ये घातलेली ती, मूळ गाण्यात नाही, हे आपल्याला ठाऊक आहे. आणि सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं, कारण हे त्यांना ठाऊक होतं ते माझ्याकडून. पंचवीसेक वर्षांपूर्वी एकाने नवी रेकॉर्ड आणली, तिच्या पाकिटावर छापलेल्या शब्दांत ती ओळ होती. तेव्हा मी त्यांना सांगितलं होतं की पहिल्या छपाईत ती नाही, आपली पहिल्या छपाईची आहे, अस्सल आहे. माणूस एकदा जाणकार ठरला की फार सोय होते बघ, खोटं शांतपणे सांगितलं तरी लोक वहीत लिहून घेतात. त्यांनी खरंच लिहून घेतलं. पुढे मी आपल्या जुन्या रेकॉर्डवरूनच सगळ्यांना कॅसेटी भरून दिल्या आणि बावीस घरांत ते गाणं त्या ओळीशिवाय वाढलं. फोनवर कुणी पूर्ण गाणं ऐकलंच, तर ते नंतरचं म्हणून सोडून द्यायचे.

जिन्यावरही मी तेच म्हणालो. बाई म्हणाल्या ते कौतुकाने, आठवण म्हणून. मूळ आपलंच.

मग ती चित्रफीत निघाली. मेट्रनबाईंनी फोनवर लोकांची मतं वाचून दाखवली, दोन रविवार त्यातच गेले. उचलली जीभ लावली टाळ्याला, असा कारभार. एकाने लिहिलं, बाई ओळ विसरल्या आणि हुशारीने निभावून नेलं, आता घरी बसा. त्याच्याखाली दोनशे लोक त्याला शिव्या देत होते. एकीने लिहिलं की ती बसमध्ये हे बघत होती आणि उतरायचा थांबा मागे गेला. कुणाला तो ठरवून केलेला विनोद वाटला. पुष्कळांच्या मते बाल्कनीतले म्हातारे पिऊन आले होते. हे ऐकून लिफ्टवाल्यांना एवढा अभिमान वाटला की दिवसभर छाती काढून फिरले. आणि एका विद्वानाने तीन परिच्छेद लिहून सिद्ध केलं की ती ओळ गाळून पुढे जाणं ही जुन्या चाहत्यांची परंपरा आहे, फार थोड्यांना माहीत आहे, दिवंगत रचनाकाराला दिलेली ती मूक सलामी होती. त्याला सगळ्यात जास्त वाहवा मिळाली. आपली चूक कुणीतरी इतक्या प्रेमाने नेसवून-सजवून परत दिली की ती नाकारणं जड जातं. मंडळाने एकमताने ती सलामी होती असं ठरवलं.

आणि कुठल्या तरी शहरात तुझी नात तुला म्हणाली, आजी बघ, ही म्हातारी माणसं चुकीच्या जागी गातात. तू ते बघितलंस आणि म्हणालीस, चुकीच्या नाही, आमच्या घरच्या जागी.

ते वाचलं तेव्हा पत्र खाली ठेवून मी उगीच नळ बघून आलो.

जेवणाची वेळ झाली. पाव आणलेला आहे, आमटी गरम करायची आहे. उरलेलं उद्या लिहितो.

बुधवार, दुपार

काल उद्या म्हणालो, पण रात्री पत्र फाडावं की काय असं दोनदा आलं मनात. फाडलं नाही. कागद चांगला आहे.

परवाच्या रविवारी मेट्रनबाई सगळ्यांच्या आधी, तीन वाजताच आल्या. म्हणाल्या, ती रेकॉर्ड दाखवा. मी दिली. त्यांनी ती टेबलावरच्या दिव्याखाली तिरकी धरली आणि बराच वेळ बघत राहिल्या. मी चहा टाकला, उतू घालवला, पुन्हा टाकला.

त्या म्हणाल्या की पस्तीस वर्षं त्यांनी जखमा बघितल्या. पडून झालेली कुठली आणि केलेली कुठली ते त्यांना दुरून कळतं. ही केलेली आहे.

आता बघ बेबी, इथे मला खरं बोलायला एक सरळ, मोकळा रस्ता होता. समोर एकच माणूस, तोही ओरडणारा नव्हे. आणि मी काय म्हणालो? मी म्हणालो, ते बाबांनी केलं होतं, रागाच्या भरात, फार जुनी गोष्ट आहे.

मेट्रनबाईंनी रेकॉर्ड पाकिटात घातली. म्हणाल्या, "तुमच्या वडिलांना मी चमच्याने पाणी पाजायची."

त्यांनी माझ्या हातातून चहाचा कप घेऊन टेबलावर ठेवला. म्हणाल्या, "मला नका सांगू. ज्याला सांगायचं त्याला सांगा." मग बाकीचे आले, त्या आपल्या खुर्चीवर बसल्या आणि दोन तास लिफ्टवाल्यांशी भांडल्या, रोजच्यासारख्या.

तेव्हा आता सांगतो. रेकॉर्ड मी खरवडली.

शुक्रवार होता. तुला परगावच्या टेलिफोन एक्स्चेंजचं नोकरीचं पत्र येऊन नऊ दिवस झाले होते आणि महिनाअखेरीपर्यंत हो की नाही ते कळवायचं होतं. तू हो म्हणत नव्हतीस आणि नाहीही म्हणत नव्हतीस. संध्याकाळी मी दुकानातून आलो की तू ती रेकॉर्ड लावायचीस. शेवटचं कडवं आलं की सुई उचलून मागे ठेवायचीस आणि ती एक ओळ पुन्हा, पुन्हा लावायचीस. माझ्याकडे बघायची नाहीस. पण ती ओळ मला ऐकवायला लावलेली असायची, एवढं न कळण्याइतका मी ठोंब्या नव्हतो. ती ओळ मी म्हणावी अशी तुझी इच्छा होती. मागचं मी आवरीन. मी तसं म्हटलं असतं तर तू त्याच दिवशी पेटी भरली असतीस, आणि हसत गेली असतीस, दर महिन्याला आली असतीस.

मला ते म्हणता येईना. मागचं म्हणजे काय, ते मला रोज दिसत होतं. बाबांचा कंपवात वाढत चाललेला, त्यांना उठवणं, बसवणं, त्यांचे कपडे, त्यांची चिडचिड. दिवसा ते सगळं तू करायचीस आणि मी संध्याकाळी येऊन मोठा भाऊ व्हायचो. तू गेल्यावर माझं काय, एवढाच माझा विचार होता. त्याला मी मनात बाबांची काळजी असं नाव दिलं होतं. माणूस स्वतःशी बोलतानासुद्धा चांगले कपडे घालून बोलतो.

दुकानात काचेवर खूण करायला हिऱ्याच्या टोकाची पेन्सिल असायची. ती मी खिशात घालून आणली. तू दूध आणायला खाली गेली होतीस, बाबांचा डोळा लागला होता. ती ओळ कुठे येते ते तू इतक्यांदा लावून मला पाठच करून दिलं होतंस. मी तिथे एक रेघ ओढली, जरा आतल्या बाजूला तिरकी. तशी ओढली की सुई पुढे घसरते. उलटी तिरकी गेली तर तीच ओळ पुन्हा पुन्हा वाजत राहते, आणि तेवढं मात्र मला नको होतं. हात स्थिर ठेवला. काम सफाईने झालं. आज हे लिहिताना लाज वाटते ती केलं याची आहेच, पण तेव्हा पेन्सिल खिशात ठेवताना, काम बरं उतरलं असं मला वाटलं होतं, त्याची जास्त आहे.

ओळ गेली की तुझा विचारही बारगळेल असं मला का वाटलं, विचारू नकोस. एकोणतीस वर्षांचा होतो. त्या वयातल्या बऱ्याच गाढवपणाला कारण नसतं, वय असतं.

पुढचं तुला ठाऊक आहे, फक्त चुकीच्या बाजूने. तू लावलीस, सुई उडाली. प्लेअर बाबांच्या खाटेजवळ, दिवसभर घरात तेच, आणि तुझी गाणी त्यांना आवडायची नाहीत हे सगळ्या जिन्याला माहीत. तू त्यांना जे बोललीस ते मी इथे लिहीत नाही. मी दारात उभा होतो. बाबांनी माझ्याकडे बघितलं. किती वेळ, ते सांगता येणार नाही, पण तेवढ्या वेळात मी बोलू शकलो असतो. मग त्यांनी तुझ्याकडे बघितलं आणि म्हणाले, "हो. कटकट होत होती."

तू सकाळच्या बसने गेलीस. त्यांच्या खोलीत डोकावली नाहीस.

बेबी, त्यांना धड पेला धरता येत नव्हता. शर्टाचं बटण तू लावून द्यायचीस. ती रेघ बघितली असतीस तर तुला दोन मिनिटांत कळलं असतं, पण रागाला डोळे नसतात, आणि तुझा राग खोटा नव्हता, फक्त पत्ता चुकला होता. पत्ता मी बदलला होता.

ते त्यांनी का केलं, मला आजपर्यंत कळलेलं नाही. मला वाचवायला, की तुला जाणं सोपं व्हावं म्हणून? त्यांच्यावर रागावून तू गेलीस ती मोकळी गेलीस. माझ्यावर रागावली असतीस तर कदाचित भांडायला थांबली असतीस. मी विचारलं नाही. त्यांनी सांगितलं नाही. पण तू गेल्यावर तिसऱ्या की चौथ्या संध्याकाळी ते म्हणाले, ते गाणं लाव. मी लावलं. शेवटच्या कडव्याला सुई उडाली, ते ऐकत राहिले, मग म्हणाले, बंद कर. दुसऱ्या दिवशी पुन्हा. चौदा महिने, रोज संध्याकाळी, शेवटच्या दिवसापर्यंत. ती मला शिक्षा होती की त्यांना तुझी आठवण यायची, तू सांग. मला दोन्ही वाटतं, कधी एक जास्त, कधी दुसरं. इंजेक्शन द्यायला आलेली नर्स ते ऐकून एक दिवस दारात थांबली, खुर्ची मागून बसली. मंडळाची सुरुवात तिच्यापासून झाली असं आम्ही सांगतो. खरं तर पहिले सभासद बाबा.

ते गेल्याचं मी तुला कळवलं तेव्हा तू आली नाहीस. तेव्हा लिहिता आलं असतं. त्यानंतर दर वर्षी लिहिता आलं असतं. दर वर्षी वाटायचं, आता इतका उशीर झाला आहे की सांगून काय उपयोग. पुढच्या वर्षी कळायचं की मागल्या वर्षी तेवढा झाला नव्हता.

आता तू लिहितेस की बाल्कनीतले सगळे हसले, बाई हसल्या, तूही हसलीस, आणि बेचाळीस वर्षांची गाठ अशी सुटली. बाबांना माफ केलं, आजारी माणूस होता, काय कळत होतं त्याला, आणि दादा, तू ये. हे वाचून मी खुंटीवरची पिशवी काढली. कुणाला न सांगता दोन सदरे, औषधं, चष्मा असं सगळं भरलंही. मला फक्त गप्प बसायचं होतं, आणि त्यात माझा हात धरणारा कुणी नाही. पिशवी दोन दिवस दाराशी होती. मग जाता येता तिला अडखळायला लागलो, तेव्हा रिकामी केली.

तर तुझ्या दोन गोष्टींचं उत्तर.

बाबांना तू जे दिलंस त्याला माफी म्हणता यायचं नाही, कारण त्यांनी काही केलंच नव्हतं. तू त्याला दुसरं काही नाव दे. पण ते त्यांच्याकडेच राहू दे. तिथून उचलून माझ्या ताटात वाढू नकोस. कंजूषपणाने नाही म्हणत, ते त्यांचं आहे, त्यांना फार उशिरा मिळालं आहे. माझं काय करायचं ते वेगळं बघ. काही करायचं नसेल तर तेही चालेल.

येण्याचं असं आहे. मागची खोली तू रंगवलीस ती दुसऱ्या कुणासाठी, ज्याने काही केलं नाही अशा भावासाठी. माझ्यावरचा राग तुला अजून यायचा आहे. तो आधी येऊ दे. घाई करू नकोस, मी त्याला बेचाळीस वर्षं बाहेर उभं केलं आहे, तेव्हा तो सगळा एकदम आला तरी मला चालेल. येऊन बसला, आणि त्यानंतरही ती खोली द्यावीशी वाटली, तर दोन शब्द कळव. नाही कळवलंस तर तेच उत्तर असं समजेन. पुन्हा लिहून विचारणार नाही. इतकी वर्षं मी माझ्या सोयीने गप्प बसलो, आता बसायचं तर तुझ्या मर्जीने बसेन.

मंडळाला येत्या रविवारी सांगणार आहे. ते मला काढून टाकतील. खोली माझी असल्याने त्यांची थोडी अडचण होईल, पण ते मार्ग काढतील, लिफ्टवाले आहेत. पूर्ण गाण्याची रेकॉर्डही त्यांच्यासाठी आणून ठेवली आहे. मी अजून ऐकलेली नाही.

तुझ्या नातीला सांग, ती म्हणाली ते बरोबर होतं. आम्ही चुकीच्या जागीच गात होतो. पोरीचा कान चांगला आहे, उगीच आजीचं ऐकून तिने तो बिघडवून घेऊ नये.

थंडीत पाय दुखतात लिहिलंस. लोकरीचे मोजे घालत जा, आणि जाड तळाचे, घसरणारे नकोत.

सही नुसतीच करतो. आजवर प्रत्येक कार्डावर तिच्याआधी 'तुझा' लिहीत आलो, न विचारता. आता तो शब्द घालायचा की नाही, ते तू ठरव.

दादा